नाशिकरोडची तिकिटं, नाशिकची स्पार्कलिंग आणि घरी केलेलं एअरमेल

आमच्याकडे रम म्हणजे ओल्ड मंक. दुसरी कुठली बाटली घरात आलेली मला आठवत नाही. डिसेंबरात नाशिकला थंडी सुरू झाली, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की बाबा रात्री जेवणाआधी एक पेग काढणार, त्यात गरम पाणी, सोबत भाजलेले शेंगदाणे, बास. त्यात वर्षानुवर्षं बदल नाही. मी पस्तिशी ओलांडेपर्यंत बाबांसमोर कधी घेतलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं, मग माझ्या लग्नानंतर ते नवऱ्यासोबत बसायला लागले आणि गेली दोनेक वर्षं मी पण त्या टेबलाला असते. हे आधी सांगते कारण पुढचा सगळा खटाटोप बाबांसाठी होता.

बाबा प्रेसमधले. बाहेरच्या माणसाला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र वाटतं, नाशिकरोडच्या माणसाला वाटत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ साली सुरू झालेली, पोस्टाची तिकिटं, कार्डं, इनलँड, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट, सगळं तिथे छापलं जातं. त्याआधी आपली तिकिटं लंडनला दे ला रू नावाच्या कंपनीत छापून बोटीने यायची. बाबांनी ३४ वर्षं तिथे काढली आणि रिटायर झाल्यावर तिकिटं जमवायला लागले, नोकरीत असताना रोज शीटच्या शीट डोळ्याखालून जायचे तेव्हा नाही, नंतर. त्यांचे चार अल्बम आहेत आणि त्यातला एक फक्त विमानाच्या टपालाचा.

तर मागच्या पावसाळ्यात ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले होते, संध्याकाळी मैत्रिणीसोबत एका बारमध्ये बसलो आणि मेनूत नाव दिसलं, एअरमेल. बाकी नावं पण वाचली नाहीत, तेच सांगितलं. उंच दांड्याच्या ग्लासात फिकट सोनेरी रंगाचं, वर बारीक बुडबुडे, एक पुदिन्याचं पान. पहिला घोट लिंबू-मध-पाण्यासारखा, आपण सकाळी घेतो ना तसा, मग मागून रमची ऊब येते आणि शेवटी स्पार्कलिंग वाइन जिभेवरून सगळं साफ पुसून नेते. काय काय आहे म्हणून बारमागच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला रम, मध, लिंबू, शॅम्पेन, चारच गोष्टी. आणि मी तिथेच बसल्या बसल्या हिशोब केला की यातली रम सोडली तर प्रत्येक गोष्ट नाशिकला घरापासून तासा-दीड तासाच्या आत मिळते, आणि नाव तर बाबांच्या अल्बमचं. म्हटलं ३१ डिसेंबरला आई-बाबा गंगापूर रोडला आपल्याकडे येतात तेव्हा हेच करायचं.

घरी आल्यावर थोडं वाचलं. हे क्युबाचं ड्रिंक, १९३० च्या आसपासचं, बकार्डी या रम कंपनीने तेव्हा काढलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेत येतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, ज्यांना परवडायचं ते लोक प्यायला हवानाला जायचे, आणि फ्लोरिडाच्या टोकावरच्या की वेस्टपासून हवानापर्यंत पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीने ऑक्टोबर १९२७ मध्ये विमानाने टपाल न्यायला सुरुवात केली होती. म्हणजे विमानाचं पत्र ही त्या वेळची सगळ्यात ताजी, सगळ्यात वेगवान गोष्ट, तिचं नाव ड्रिंकला. डायकिरी, मोहितो सगळ्यांना माहीत झालेत, हे मागेच राहिलं. याचा जुना पूर्वज पण क्युबाचाच, कांचांचारा, उसाची कच्ची दारू, मध आणि लिंबू, १८६८ ते १८७८ च्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांशी त्याचं नाव जोडतात. त्यात शॅम्पेन ओतली की झालं एअरमेल. आणि जिन, लिंबू, साखर, शॅम्पेनचं फ्रेंच ७५ म्हणून जे असतं त्याचं हे रमवालं भावंड.

ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा मात्र चारातल्या तीन गोष्टी चुकल्या.

ट्रायल नोव्हेंबरच्या एका शनिवारी घेतली, मी आणि नवरा दोघंच. रम घरात होती ती ओल्ड मंक. मध आईने दिलेला, ती दरवर्षी सुरगाण्याकडून येणाऱ्या एका मावशींकडून घेते, काळपट, जंगलातला, बाटली उघडली की जरासा धुराचा वास येतो. लिंबू कागदी. स्पार्कलिंग घ्यायला वाइन शॉपमध्ये गेले तर काउंटरवरच्याने लेडीजना ही आवडते म्हणून गोडवाली हातात दिली आणि मी घेतली. (परमिट विचारतात कधी कधी, काढून ठेवलेलं बरं.) बाटली अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकली, कॉलेज रोडच्या खड्ड्यांतून घरी आणली, वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली आणि लगेच उघडली. बूच छताला, फेस ओट्यावर, पाव बाटली तरी गेली असेल.

त्याचं कारण मला माहीत असायला हवं होतं कारण इथल्या वायनरीच्या टूरला मी पाहुण्यांना घेऊन किमान पाच-सहा वेळा गेले असेन. स्पार्कलिंगमध्ये वाइन एकदा आंबवून झाली की तिला बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालून पुन्हा आंबवतात, या वेळी बाटली बंद असल्यामुळे तयार होणारा गॅस बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळून राहतो. आतलं प्रेशर पाच-सहा अ‍ॅटमॉस्फियर, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. थंड वाइन गॅस धरून ठेवते, कोमट वाइन सोडते, आणि हिंदकळलेली तर थांबतच नाही. म्हणून बाटली आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये, न हलवता. उघडताना वरचा कागद काढायचा, बुचावर अंगठा दाबून धरायचा, तारेची कडी सहा अर्धे वळसे फिरवली की सुटते, मग बूच घट्ट धरून ठेवायचं आणि फिरवायची ती बाटली, खालून, हळूहळू. आवाज फट्ट असा नको, सुस्कारा टाकल्यासारखा फुस्स आला की बरोबर उघडली. आता मला जमतं, आणि खरं सांगते, तो फुस्स ऐकायला फार छान वाटतं.

दुसरी चूक मधाची. मी चमचाभर मध थेट रम आणि लिंबाच्या रसात घातला, बर्फ टाकला आणि हलवायला लागले. मध गार झाला की आखडतो, तो बर्फाला आणि भांड्याच्या बुडाला चिकटून बसला, ग्लासात आलं ते नुसतं आंबट-कडक आणि भांड्याच्या तळाशी मधाची लगदी. बोटाने काढून खाल्ली ती. म्हणजे मधाचा आधी पातळ पाक करून घ्यायचा, दोन भाग मध आणि एक भाग पाणी. मी पाणी उकळायला ठेवलं हे आईला फोनवर सांगितलं तर ती एकदम, अगं मध गरम करायचा नसतो, विष होतं त्याचं! आयुर्वेदात तसं म्हटलंय, आणि आईच्या मधाबद्दल आईशी वाद मी घालत नाही. पण तिचं ऐकून फायदाच झाला. बोट आरामात बुडवून ठेवता येईल इतपत कोमट पाणी घेतलं आणि चमच्याने दोन मिनिटं ढवळलं तर मध पूर्ण विरघळला आणि वास जसाच्या तसा राहिला, तोच मध मी नंतर एकदा कडकडीत पाण्यात करून बघितला तर गोडी राहिली पण वास उडाला. चार चमचे मध, दोन चमचे पाणी, वाटीत करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर आरामात राहतो.

कुठला मध हा प्रश्न मी पुढचे तीन शनिवार धरून ठेवला. दुकानातला साधा मध, आईचा सुरगाण्याचा, आणि महाबळेश्वरहून एका मैत्रिणीने आणलेला जांभळाचा (तिकडे मांघर गाव आहे, २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखतात, तिथून). दुकानातल्याने ड्रिंक गोड झालं, बाकी काही नाही, साखर घातली असती तरी चाललं असतं. जांभळाच्या मधाला शेवटी बारीकशी कडू झाक आहे, ती मला रमबरोबर खूप आवडली पण नवऱ्याला नाही. सुरगाण्याचा मात्र सगळ्यात वेगळा, त्यातला तो धुरकट वास रमच्या लाकडी वासाला जाऊन मिळतो आणि ड्रिंकला एक खोली येते जी मुंबईच्या त्या ग्लासात पण नव्हती. या ड्रिंकचा जीव मधात आहे. रमवर जास्त पैसे घालण्यापेक्षा चांगला मध शोधा.

तिसरी गोष्ट रम, आणि इथे मला वाईट वाटलं. ओल्ड मंक मला मनापासून आवडते, ४२.८ टक्के, जाड, व्हॅनिलाचा वास, गरम पाण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण एअरमेलमध्ये ४५ मिली घातली तर ग्लासाचा रंग चहासारखा झाला आणि स्पार्कलिंगमधली द्राक्षाची चव, तो आंबट-कोवळा वास, सगळं तिच्याखाली दबून गेलं. मूळ ड्रिंक क्युबातल्या सोनेरी रमचं आहे, ती अंगाने हलकी असते, पिंपात थोडी मुरवलेली, म्हणून ती मधाला आणि वाइनला जागा देते. पांढरी रम घालून बघितली तर उलटं, मध आणि लिंबूच लागत राहिले, रम कुठे गेली कळेना. मग सोनेरी रमची एक बाटली आणली, ती बरोबर बसली. तरी बाबांसाठी करतेय आणि त्यात ओल्ड मंक नाही हे मनाला पटेना. शेवटी ४० मिली सोनेरी आणि ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, ओल्ड मंक. तेवढ्याने रंग थोडा गडद होतो, नाकाला पहिल्यांदा तिचा वास येतो आणि बाकी सगळं आपापल्या जागी राहतं. हे माझं स्वतःचं, कुठल्या पाककृतीत नाही, पण मला आता त्याशिवाय ते अपुरं वाटतं.

लिंबाचं फारसं काही नाही. आपलं कागदी लिंबूच हवं, क्युबात वापरतात ते पण याच जातीचं, लहान, पातळ सालीचं, भरपूर आंबट. ओट्यावर तळव्याखाली दाबून लोळवायचं म्हणजे रस सुटतो, पिळताना साल कुस्करेपर्यंत पिळायचं नाही, कडवटपणा येतो. एका ग्लासाला २० मिली, साधारण दीड लिंबू. रस आयत्या वेळी काढायचा, दुपारी काढून ठेवलेला रात्री वापरला तर चव पडते.

आणि गोडवाली स्पार्कलिंग नको. मध आहेच की! बाटलीवर ब्रूट लिहिलेलं बघून घ्यायचं, ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, कोरडी. मी सुलाची ब्रूट वापरली, गंगापूर धरणाच्या बाजूला जाता-येता जे द्राक्षाचे मळे दिसतात तिथली म्हणून वेगळाच आनंद. दिंडोरीला शांदोन नावाची स्पार्कलिंग पण बनते. फ्रान्सची खरी शॅम्पेन या ड्रिंकला लागत नाही असं माझं ठाम मत आहे, रम आणि मधासोबत तिचा नाजूकपणा वायाच जाणार.

भांड्यांचं सांगायचं तर घरी शेकर नव्हता, ऑनलाइन मागवणार होते, तेवढ्यात माळ्यावर आजीचा फिरकीचा तांब्या सापडला. स्टीलचा, आजी रेल्वेने पंढरपूरला जाताना पाणी भरून न्यायची तो. घासून पुसून घेतला, पाणी भरून उलटा करून बघितला, थेंब गळला नाही. पितळेचा असता तर वापरला नसता, लिंबाने पितळ कळकतं. माप म्हणून औषधाच्या बाटलीवर येतं ते प्लॅस्टिकचं झाकण, ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात त्यावर. गाळायला चहाची गाळणी, नवीन, चहाला न वापरलेली. एक गोष्ट मात्र पहिल्या वेळी लक्षात आली नव्हती, बर्फ घालून हलवलं की तांब्या इतका गार होतो की आतली हवा आणि स्टील दोन्ही आकसतात आणि फिरकी जाम बसते, नवऱ्याच्याने पण उघडेना. कोमट पाण्यात पिळलेला फडका झाकणाभोवती अर्धा मिनिट गुंडाळला की सुटते.

बर्फ मोठ्या खड्यांचा, फ्रीझरमधून थेट, बाहेर काढून ठेवलेला ओला बर्फ घातला की पाणीच पाणी होतं. हलवायचं दहा-बारा सेकंद, जोरात, खांद्यापासून, तांब्यावर बाहेरून दव धरून पांढुरकं दिसायला लागलं की थांबायचं. हलवताना स्पार्कलिंग आत चुकूनही घालायची नाही, एक तर सगळा गॅस जाईल आणि दुसरं म्हणजे झाकण उडेल. ती ग्लासात, सगळ्यात शेवटी.

डिसेंबर आला तोपर्यंत हात बसला होता.

३१ तारखेला आई-बाबा संध्याकाळी आले, बाबांच्या पिशवीत नेहमीप्रमाणे चिवडा आणि त्यांची ओल्ड मंकची क्वार्टर. मी म्हटलं, बाबा, आज तुम्ही तुमची नंतर घ्या, आधी मी एक करून देते. ते काही बोलले नाहीत, कानटोपी नीट केली आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले. मला सांगायला पाहिजे की लग्नात मिळालेले वाइन ग्लास शोकेसमधून पहिल्यांदा त्या दिवशी निघाले, सकाळीच धुऊन फ्रीजमध्ये ठेवले होते. धाकटा दीर पण आला होता, आई धरून पाच जण, आई फक्त मध-लिंबू आणि सोडा घेणार होती.

बाबा उठून किचनच्या दारात आले आणि पहिलं काय बघितलं तर तांब्या. हातात घेतला, बुडावरचं नाव वाचलं, आजीचं नाव कोरलेलं आहे तिथे. हा कुठे मिळाला तुला, म्हणाले. मग मी मोजून घालते, गाळते, ओतते ते सगळं शेवटपर्यंत उभं राहून बघत होते, प्रेसमध्ये शीट तपासायची सवय असलेला माणूस, म्हणाले, रेघ चुकली, थोडं जास्त पडलं. खरंच पडलं होतं. एका वेळी दोन ग्लासांचंच तांब्यात केलं कारण जास्त भरलं की बर्फाला हलायला जागा राहत नाही. मग बाटली उघडली, फुस्स, ग्लास तिरका धरून ६० मिली कडेने हळू ओतली. मधाचं मिश्रण जड असतं, तळाशी बसतं, म्हणून चमच्याची दांडी खालपर्यंत घालून एकदाच, एकच वेळ वर उचलायची. जास्त ढवळलं की बुडबुडे मरतात. वर पुदिन्याचं पान, आधी तळव्यावर ठेवून एक टाळी, वासासाठी.

गॅलरीत चांगलीच थंडी होती. बाबांनी पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलून वास घेतला. मी काही विचारलं नाही. दुसरा घोट घेतल्यावर म्हणाले, हा सुरगाण्याचा मध आहे. आणि थोड्या वेळाने, यात मंक पण आहे कुठेतरी. एका चमच्याची ओल्ड मंक त्यांनी ओळखली! मग मी त्यांना नाव सांगितलं, एअरमेल, आणि क्युबा, हवाना, १९३०, जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं.

त्यावर बाबा जे बोलायला लागले ते तासभर. तीस साल म्हणतेस तर एकोणतीस ऐक, म्हणाले. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली, बोटीला दोन-तीन आठवडे लागायचे ते पत्र आठवड्याभरात यायला लागलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हिंदुस्थानने खास विमान टपालाची सहा तिकिटं काढली, दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत, पंचम जॉर्जच्या चित्रासोबत डी हॅविलंडचं हर्क्युलिस विमान. कुठे छापली? आपल्याकडे, नाशिकरोडला. प्रेस सुरू होऊन चारच वर्षं झाली होती. पुढे १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा स्वतः विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. आणि या सगळ्याच्या आधी, म्हणाले, जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल अमेरिकेत नाही, इंग्लंडमध्ये नाही, आपल्या अलाहाबादला, १८ फेब्रुवारी १९११, आंरी पेके नावाचा फ्रेंच पायलट, साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं, यमुना ओलांडून नैनीपर्यंत, जेमतेम दहा किलोमीटर. दिराला हे काहीच माहीत नव्हतं, तो खुर्ची पुढे ओढून बसला.

अल्बम गाडीत होता. ते सणावाराला पण अल्बम बरोबर घेऊन फिरतात हे मला त्या दिवशी कळलं, की मीच फोनवर नाव सांगितल्यावर आईने आणायला लावला, ते दोघंही अजून सांगत नाहीत. नवरा जाऊन घेऊन आला. मी ग्लास हातात घेऊन वाकले तर बाबा म्हणाले, आधी ग्लास तिकडे ठेव, हात धू, पूस, मग बस. सहापैकी चार तिकिटं त्यांच्याकडे आहेत, दोन आण्यांचं हिरवट, त्यावर शिक्का पडलेला, विमान इतकं बारीक रेघांत काढलेलं की चष्मा लावून पण भिंगातून बघावं लागतं. बाबा ते भिंग एकेकाच्या हातात देत होते. ही शाई बघ, ही रेघ बघ, हे दात बघ कसे सरळ आलेत. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं काम, पण बोलत असे होते की परवा शिफ्टला छापलंय.

७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीने हिशोबाने बारा ग्लास निघतात, आम्ही चौघांत सहा केले. उरलेली स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकवायची असेल तर तिचं ते दाबून बसणारं खास झाकण लागतं, गळ्यात चमचा अडकवून ठेवून काही होत नाही, तेही मी करून बघितलंय. आमच्याकडे झाकण नव्हतं, जेवणासोबत ती तशीच संपवली. थालीपीठ आणि लोण्याबरोबर ती फार छान लागते, हे त्या रात्रीचं अजून एक.

बाबांनी दुसरा ग्लास मागितला, पण म्हणाले यात रम कमी कर, मध तेवढाच ठेव, वाइन थोडी वाढव. तसा केला. मी पण घोटभर घेतला त्यातला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता, बुडबुडे जास्त वेळ टिकले, मधाचा धूर वर आला. त्यांची आणलेली क्वार्टर तशीच पिशवीत परत गेली.

रात्री सगळं आवरल्यावर मी माप विसरायला नको म्हणून कशावर तरी लिहायला कागद शोधत होते तर बाबांनी अल्बमच्या मागच्या कप्प्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढून दिलं. त्यावर लिहिलं, सोनेरी रम ४०, मंक १ चमचा, लिंबू २०, मधाचा पाक २०, बर्फात हलवून गाळणे, ब्रूट ६०. फ्रीजवर लोहचुंबकाने लावलं. सकाळी चहाला उठले तर ४० वर एक बारीक काट मारलेली होती आणि शेजारी बाबांच्या अक्षरात २५, आणि ६० च्या जागी ७५.